घर पहिल्यांदाच भाड्याने देताय? नोटरीवर थांबू नका!

अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्पपेपर आणि नोटरीचा शिक्का एवढ्यावर घराची किल्ली देणे घरमालकाला महागात पडू शकते. महाराष्ट्रातील नियम काय सांगतो?

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या भागांतील घरांकडे भाडेकरूंचे लक्ष आहे. गुंतवणूक म्हणून घेतलेला वन-बीएचके किंवा आईवडिलांची रिकामी सदनिका पहिल्यांदाच भाड्याने देणारे मालकही त्यात आहेत. अशा मालकाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘अकरा महिन्यांचा करार करा, नोटरी करा, झाले काम!’ महाराष्ट्रात मात्र एवढ्याने काम होत नाही.

अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते?

होय. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, हा नियम १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातला. अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच रुजली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार घर भाड्याने किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ने देण्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो. म्हणजे अकरा महिन्यांचा वेगळा फायदा राज्यात उरलेला नाही.

नोंदणी केली नाही तर?

नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, भाडेकरूवर किंवा एजंटवर नाही. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा धोका पुढे आहे. वाद झाला आणि नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. भाडे किती, अनामत किती, मुदत कधी संपली, हे सगळेच मग वादात सापडते.

‘लिव्ह अँड लायसन्स’च का?

भाडेपट्ट्यात भाडेकरूचा जागेत हक्क निर्माण होतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’मध्ये ठरलेल्या मुदतीपुरती फक्त वापराची परवानगी मिळते. एकदा राहायला आलेला माणूस निघतच नाही, या मालकांच्या भीतीला इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा करार चालू होता, त्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले होते. आजच्या कायद्याचे कलम २४ मालकाच्या बाजूने आहे. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मागू शकतो. करारात लिहिलेली बाब तिथे निर्णायक पुरावा ठरते. म्हणून करार पक्का हवा.

खर्च किती येतो?

मुदतीतील एकूण भाडे आणि परत करायच्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याज यांची बेरीज करून त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. समजा, कामोठ्यातील घराचे भाडे १५ हजार, अनामत ५० हजार आणि मुदत १२ महिने आहे. भाड्याचे १ लाख ८० हजार आणि व्याजाचे ५ हजार मिळून १ लाख ८५ हजार होतात. त्यावर शुल्क सुमारे ४६३ रुपये. शंभराच्या पटीत धरले तरी ५००. नोंदणी शुल्क पनवेल महापालिका हद्दीत १,००० रुपये, तर ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये आहे. कागदपत्र हाताळणी शुल्क आणि एजंटची फी वेगळी. हा खर्च कोण करणार, हे आधीच ठरवावे. ०.२५ टक्क्यांचा हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या मुदतीला लागू आहे. दोघांनाही दीर्घकाळ हवे असेल, तर दर अकरा महिन्यांनी नवा करार करण्याची गरज नाही.

नोंदणीसाठी कार्यालयात जावे लागते?

नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणीची सोय आहे. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदारांचे आधार क्रमांक, अंगठ्याचे ठसे आणि वेबकॅमवरील छायाचित्र लागते. अधिकृत सेवा देणारे यंत्र घेऊन घरीही येतात. मसुदा मात्र अंगठा देण्याआधी मालकाने स्वतः वाचावा.

करारात काय असावे?

- सदनिकेचा पूर्ण पत्ता, मुदत सुरू होण्याची व संपण्याची तारीख.
- भाडे देण्याची तारीख आणि दीर्घ मुदत असल्यास वार्षिक वाढ.
- अनामत किती दिवसांत परत करायची आणि त्यातून काय वजा होईल.
- वीजबिल, गॅस, मेंटेनन्स कोण भरणार. सुरुवातीचे मीटर रीडिंग.
- लॉक-इन काळ आणि नोटिशीची मुदत, दोन्ही बाजूंना सारखी.
- राहणाऱ्यांची नावे आणि पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई.
- पंखे, गिझर, कपाटे यांची यादी. सोबत फोटो काढून ठेवावेत.

पोलिस आणि सोसायटीचे काय?

पनवेल नवी मुंबई पोलिस आयुक्तालयात येते. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन किंवा ठाण्यात द्यावी आणि पोच जपून ठेवावी. कराराची प्रत सोसायटीलाही द्यावी. भाड्याने दिलेल्या घरासाठी सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. पण १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही.

किल्ली कधी द्यावी?

सर्वांत शेवटी. आधी ओळखपत्रे आणि नोकरीची खातरजमा, मग करार व नोंदणी, बँकेतून अनामत आणि पोलिसांना माहिती. एकदा किल्ली हातात गेली की नोंदणीची घाई फक्त मालकालाच उरते.