हॅलोविन अमेरिकेत, पण एका दिवसाच्या ड्रेसचा खर्च बुलढाण्यातही. तो कमी कसा करायचा?

ऑक्टोबर संपत आला की रील्समध्ये भोपळे, भुतं आणि चेटकिणी दिसायला लागतात. कारण ३१ ऑक्टोबरला हॅलोविन. 'नॅशनल रिटेल फेडरेशन' या अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेचा अंदाज होता की, २०२५ मध्ये तिथले लोक या सणावर १३.१ अब्ज डॉलर खर्च करतील. त्यातले ४.३ अब्ज फक्त वेशभूषेवर.

आपल्याकडे तेव्हा सोयाबीनची धावपळ असते. मग बुलढाण्याचा यात काय संबंध?

आपला सीझन जानेवारीत

जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा, सिंदखेडराजातला. दरवर्षी या दिवशी तिथं राज्यभरातून लोक येतात. शाळांमध्ये मुली नऊवारी नेसून जिजाऊ होतात, मुलं जिरेटोप घालून शिवबा. मग २६ जानेवारी, गॅदरिंग आणि १९ फेब्रुवारीची शिवजयंती. म्हणजे सव्वा महिन्यात एकाच मुलाला तीन-चार ड्रेस लागू शकतात. घरात दोन मुलं असतील तर दुप्पट.

विकत की भाड्याने?

समजा, ड्रेस ६०० रुपयांना मिळतो आणि भाडं २०० रुपये आहे. मग विकत घेतलेला ड्रेस तीनदा वापरला तरच पैसे वसूल. पण पुढच्या वर्षी तो मुलाला आखूड होतो. त्यामुळे एकदाच लागणार असेल तर भाड्याचा बरा. फक्त नेताना फाटलेलं, डागाळलेलं काही आहे का बघा, फोटो काढा. डिपॉझिट आणि परत करायची तारीख लिहून घ्या.

खरी अडचण कुठे?

"उद्या वेशभूषा करून पाठवा" असा मेसेज रात्री येतो, तेव्हा भाव करायला वेळच नसतो. रोजंदारीवर जाणाऱ्या आई-बापाला तर तो खर्च झेपतच नाही. अशा घरातलं पोरगं "मला नाही भाग घ्यायचा" म्हणतं आणि आपल्याला वाटतं, ते लाजतंय.

उपाय काय?

शाळेनं आठवडाभर आधी कळवावं. लहान झालेले फेटे, नऊवारी, जिरेटोप शाळेतल्या एका पेटीत जमा करावेत आणि ज्याला हवं त्यानं तिथून न्यावं. तोवर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढं तरी विचारा: "मागच्या वर्षीचा ड्रेस कुणाकडे आहे का?"