ध्वनिमुद्रिकेतले तुकोबा आणि मावळचे टाळ

तुकाराम बीजेच्या पर्वकाळी घरोघरी तुकोबांचे अभंग लावले जातात. त्यांत लता मंगेशकर यांनी गायिलेल्या व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेल्या ‘अभंग तुकयाचे’ या ध्वनिमुद्रिकेचा मान मोठा आहे. संतवाणीच्या अशा मुद्रणाचे मोल कोणत्या कसोटीवर ठरवावे, याचा विचार आज करावा असे आम्हांस वाटते.

पहिली कसोटी शब्दाची. हँडेलने १७४१ साली रचलेली व १७४२ साली डब्लिन येथे प्रथम गायिली गेलेली ‘मसाया’ ही समूहगानकृती ध्वनिमुद्रणातून ऐकतानाही जाणकार हेच पाहतात, की अनेक कंठांच्या गजरात धर्मग्रंथातील वचन स्पष्ट ऐकू येते की नाही. या कसोटीस आपली ध्वनिमुद्रिका पूर्णपणे उतरते. ‘भेटीलागी जीवा’ ऐकावे. खळे यांची चाल अर्थाच्या मागोमाग चालते, लताबाईंचा स्वर अलंकारांचा सोस धरीत नाही. अक्षर न् अक्षर कानी येते आणि आर्तता अंतःकरणास भिडते.

दुसरी कसोटी आपल्या मावळची आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावलेली इंद्रायणी मावळातून देहूकडे वाहते. याच मावळात सुदुंबरे येथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. परंपरेने सांगितलेल्या तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक होत. म्हणजे अभंग हा मुळात एकट्याचा नव्हे. एकाने म्हणावे, टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलावे, मृदंगाच्या ठेक्यावर ते पुन्हा पुन्हा घोळवावे, आणि त्या आवर्तनांत गाणारा व ऐकणारा हा भेदच मावळावा, ही वारकरी भजनाची रीत.

येथे ध्वनिमुद्रिका उणी पडते. मोजक्या मिनिटांत अभंग संपतो आणि श्रोता श्रोताच राहतो. हा दोष गायिकेचा नव्हे, संगीतकाराचाही नव्हे. ती त्या साधनाचीच मर्यादा होय. मात्र नुसत्या श्रवणावर समाधान मानण्याची सवय जडली, तर घरातील टाळ खुंटीवरच राहतील.

म्हणून आमची विनंती एवढीच, की बीजेस ही ध्वनिमुद्रिका अवश्य ऐकावी, शब्दोच्चार व भाव तिच्यापासून शिकावा. नंतर यंत्र बंद करावे, टाळ हाती घ्यावे आणि लेकरांसह तेच ध्रुवपद आपल्या कंठाने म्हणावे. सूर थोडा ढळला तरी चालेल.