शंभर वह्यांची एक वही

गावच्या बाजारातील किराणा दुकानदाराचा सारा व्यवहार एका कीर्दीत मावतो. कोणता जिन्नस संपत आला, हे त्यास फळीकडे दृष्टी टाकताच कळते. परंतु जेथे हजारो माणसे राबतात, अशा मोठ्या उद्योगाचे काय? तेथे खरेदी, गुदाम, उत्पादन, विक्री, हिशेब व वेतन अशी अनेक खाती असतात. प्रत्येकाची वही स्वतंत्र असली, म्हणजे विक्रीखाते माल देण्याचे वचन देऊन बसते आणि गुदामात तो माल मुळी नसतोच!

ही विसंगती दूर करण्यासाठी जी संगणकप्रणाली योजतात, तिला ‘एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग’, संक्षेपाने ई.आर.पी., असे म्हणतात. सर्व खात्यांनी मिळून एकच वही लिहावी, हे तिचे मर्म होय. आय.बी.एम. कंपनीतून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली पश्चिम जर्मनीत स्थापन केलेली एस.ए.पी. ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी आहे.

आपल्या गोव्यात औषधांचे अनेक कारखाने आहेत. त्यांपैकी एखाद्याकडे शंभर खोकी गोळ्यांची मागणी आली, असे समजू. विक्रीखात्याने ती एकदा नोंदली, की गुदामातील शिल्लक पाहिली जाते. माल कमी पडत असल्यास उत्पादनखात्यास व कच्च्या मालासाठी खरेदीखात्यास सूचना मिळते. माल रवाना होताच बिल तयार होऊन रक्कम खतावणीत जाते. तीच गोष्ट पुनःपुन्हा लिहावी लागत नाही. कोणती नोंद कोणी व केव्हा केली, हेही राहते. शिवाय एखाद्या बॅचमध्ये दोष आढळल्यास ती कोणत्या कच्च्या मालापासून झाली व कोणाकोणाकडे गेली, हे त्वरित शोधून ती परत मागविता येते. येथे प्रश्न केवळ नफ्याचा नसून रुग्णाच्या प्राणांचा असतो.

आता दुसरी बाजू पाहू. प्रणालीची किंमत मोठी असतेच. पण जुन्या नोंदी तपासून नव्या वहीत उतरविणे आणि नोकरवर्गास शिकविणे यांतही पुष्कळ काळ व पैसा जातो. वही एकच असल्यामुळे एकाची चूक क्षणात सर्वांची चूक होते. आणखी एक अडचण अशी की, प्रणालीची घडण ठरलेली असते. एक तर कंपनीने आपली रीत बदलावी, नाही तर प्रणाली खर्चाने बदलून घ्यावी! जर्मनीतील लिड्ल या दुकानांच्या साखळीत मालाचे मोल खरेदीच्या किमतीने धरण्याची रीत होती. प्रणालीची रीत विक्रीच्या किमतीची होती. प्रणाली बदलता बदलता सात वर्षे व सुमारे ५० कोटी युरो खर्ची पडले आणि अखेर २०१८ साली तो बेत सोडून द्यावा लागला.

अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीची कथा याहून बोधप्रद आहे. तिने चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकण्याचे ठरवून १९९९ च्या जुलैत, ऐन हंगामाच्या तोंडावर, नवी प्रणाली सुरू केली. गर्दीच्या दिवसांत जादा माल इकडच्या तिकडच्या मोकळ्या जागी ठेवण्याची तेथे जुनी वहिवाट होती. त्या जागा कामगारांस ठाऊक होत्या; संगणकास कोणी सांगितल्याच नव्हत्या. माल असूनही वहीत तो नव्हता! सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या झाल्या नाहीत. पुढे २००२ साली याच कंपनीने भरपूर चाचण्या घेऊन प्रणालीची सुधारित आवृत्ती सुरळीत बसविली. यावरून दोष साधनाचा नसून घाईचा होता, हे उघड होते.

तात्पर्य, ई.आर.पी. त्याज्य नाही आणि जादूची कांडीही नाही. ज्यास ती हवी, त्याने प्रथम गुदामातील अनुभवी माणसास जवळ बसवून त्याचे म्हणणे ऐकावे, हंगाम टाळावा आणि थोड्या कामावर परीक्षा पाहावी. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण उद्या अशा वहीपुढे बसतील. त्यांनी एवढे ध्यानी धरावे, की यंत्र जे लिहिले तेच वाचते. खरे काय ते लिहिण्याचे दायित्व माणसाचेच असते.