जामसांवलीहून परदेशी शिकायला जायचं तर

जामसांवलीत मराठी बोलतात, पण रहिवासी दाखला मध्य प्रदेशाचा. म्हणून नागपूर जवळ असूनही महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती इथल्या मुलांना मिळत नाही. आधी भोपाळच्या योजना बघाव्यात, मग केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. तिच्या 125 जागांपैकी 115 अनुसूचित जातींसाठी. उरलेल्या भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत, वय 35च्या खाली, गुण किमान 60 टक्के. गोंड मुलांसाठी आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला जातीची अट नाही, मात्र दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. दाखले तहसिलीतून आधीच काढावेत. आणि पैसे घेऊन शिष्यवृत्ती ‘मिळवून देणाऱ्या’ एजंटाला दारातूनच रामराम!