सगळ्यात मोठं गुरांचं रान कोणाचं?

मंडळी, ऊसतोडणीचा हंगाम चालू असला की अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर संध्याकाळी एक देखावा हमखास दिसतो. उसानं भरलेल्या गाड्या रांगेनं उभ्या असतात, जू खाली टेकवलेलं असतं, आणि सोडलेले बैल वाढ्यांच्या ढिगात तोंड घालून निवांत चघळत असतात. अशाच एका संध्याकाळी एका तोडणीवाल्याचं दहा-अकरा वर्षांचं पोरगं ती रांग बोटानं मोजत उभं होतं. मला पाहून म्हणालं, "सर, जगात सगळ्यात मोठं गुरांचं रान कोणाचं असंल हो?"

प्रश्न पोराचा खरा, पण उत्तर देताना मी अडखळलो. कारण 'मोठं' म्हणजे काय मोठं? जमीन मोठी, की गुरं जास्त, की आणखी काही? आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याच 'मोठं' या शब्दाविषयी.

आधी जमिनीचं माप घेऊ. अमेरिकेत गुरांच्या अशा विस्तीर्ण रानाला 'रँच' म्हणतात. आपल्या 'रान' शब्दाशी त्याचा उच्चार जुळतो तो केवळ योगायोग. ऑस्ट्रेलियात त्यालाच 'स्टेशन' म्हणतात. तिथं आगगाडी थांबलीच पाहिजे असं नाही! दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे स्टेशन जगात सर्वांत मोठं समजलं जातं. सिडनी किडमन या तिकडच्या 'गुरांच्या राजा'ची कंपनी ते पुष्कळ वर्षं चालवीत होती. २०१६ साली ते दुसऱ्या एका गुरे पाळणाऱ्या कुटुंबाच्या कंपनीकडे गेलं. त्याचं क्षेत्र किती? कोणी सांगतो तेवीस-चोवीस हजार चौरस किलोमीटर, कोणी सांगतो पंधरा-सोळा हजार. दोघंही खोटं बोलत नाहीत. शेजारचं 'द पीक' नावाचं रान धरलं तर मोठा आकडा, सोडलं तर लहान. म्हणजे पहिल्याच पायरीवर बघा, मोठेपण बांध कुठं घालायचा यावर ठरतं. लहान आकडा घेतला तरी आपल्यासारखे दोन जालना जिल्हे त्यात सहज मावतील.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या रानात लाखो गुरं चरत असतील. नाही. चांगल्या पावसाच्या साली, दोन्ही रानं मिळून, सोळा हजारांच्या आसपास. भागाकार करा. एका जनावराच्या वाट्याला साडेतीनशे एकरांहून अधिक जमीन येते!

हे असं का, तर तिथं वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. गवत विरळ, नदी नावालाच. पाणी मिळतं ते बहुतेक जमिनीच्या पोटातून, खोल विंधण घेऊन. जनावर तहान लागली की त्या पाण्यावर येतं, आणि पाण्यापासून जितकं लांब चालून परत येऊ शकतं तितकंच रान त्याच्या उपयोगाचं. बाकीचं नकाशावरचं. तेव्हा हे रान जगात मोठं आहे ते श्रीमंतीमुळं नव्हे. जमीन गरीब आहे म्हणून ते मोठं ठेवावं लागलं.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटायला नको. आपल्या राज्याच्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात १९७५ साली सुधारणा होऊन मर्यादा ठरल्या त्या अशा : बारमाही ओलिताची जमीन असेल तर कुटुंबाला १८ एकर, आणि कोरडवाहू असेल तर ५४ एकर. अर्थ काय? सरकारनंच मान्य केलं की एकर एकरासारखा नसतो. कालव्याखालचा एक एकर हा माळावरच्या तीन एकरांबरोबर. तेव्हा नुसते एकर सांगणाऱ्याला आपण लगेच विचारतो, "पाणी किती?" ॲना क्रीकलाही तोच प्रश्न विचारायचा.

आता दुसरं माप, डोक्यांचं. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात किंग रँच आहे. १८५३ साली रिचर्ड किंग नावाच्या बोटीवरच्या कप्तानानं ती सुरू केली. क्षेत्र सव्वाआठ लाख एकर. तेही सलग नाही, चार तुकड्यांत. म्हणजे जमिनीनं ती ॲना क्रीकच्या पासंगालाही पुरत नाही. पण गुरं पस्तीस हजारांच्या घरात सांगतात. तिथं एका जनावराला तेवीस-चोवीस एकर लागतात, कारण पाऊस साधारण आपल्या जालन्याइतका पडतो. याच रँचवर 'सांता गर्ट्रूडिस' ही गुरांची जात तयार झाली. विलायती शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण या दोन रक्तांचा तो मेळ. ही 'ब्राह्मण' जात अमेरिकेत घडली ती हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांपासून. गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या सांगली-मिरज भागातली कृष्णाकाठची गुरंही त्यात होती. उन्हातान्हात टिकणारं जनावर पाहिजे तर ते आपल्याकडून न्यावं लागलं, हे ध्यानात असू द्या.

आणि डोकी मोजायची तर दूर कशाला जायचं? पुणे जिल्ह्यात मंचरजवळ भाग्यलक्ष्मी नावाचा दुग्धालयाचा फार्म आहे. जागा पस्तीसेक एकर, आणि गाई दोन हजारांवर. एकराला पन्नासाहून अधिक गाई! ॲना क्रीकला एका जनावराला साडेतीनशे एकर, इथं एका एकरात पन्नास जनावरं. हे जमतं कसं? कारण त्या गाईंचं रान त्या कुंपणात नाहीच. त्यांचा मका, त्यांचा चारा भोवतालच्या शेतांतून येतो. गाय उभी एकीकडे, तिचं रान पसरलेलं दुसरीकडे. मग या फार्मचं क्षेत्र नेमकं किती म्हणायचं?

इथवर आलो म्हणजे तिसरं माप आपोआप पुढं येतं, आणि माझ्या मते खरं माप तेच : वाईट सालात किती गुरं तगतात?

दक्षिण ऑस्ट्रेलियात १८६५ साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा गॉयडर नावाच्या भूमापन अधिकाऱ्यानं हिंडून पाहणी केली आणि नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला पेरू नका, फार तर गुरं-मेंढरं चारा. पुढं दहा-पंधरा वर्षं पाऊस बरा झाला. लोक हसले, रेघ ओलांडून गेले, घरं बांधली, गहू पेरला. १८८० नंतर पाऊस रुसला, आणि ती दगडी घरं ओसाड पडली. त्यांचे पडके अवशेष अजून दिसतात. आज तिथल्या कायद्यानं अशी राखीव कुरणं भाडेपट्ट्यानं देतात आणि जास्तीत जास्त गुरं किती ठेवायची ते पट्ट्यात लिहितात. दुष्काळ आला की ॲना क्रीकचे लोकही गुरं गाड्यांत भरून बाहेर काढतात. मग त्या अफाट रानात अगदी थोडी जनावरं उरतात. चांगल्या सालाचा आकडा मिरवायचा, वाईट सालाचा जपायचा, हे तिथले जाणते लोक शिकले आहेत.

आपण शिकलो का? २०१२-१३ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यानं भोगला आहे. आमच्या घरी त्या वर्षी बैलजोडी होती आणि एक गाय. कडबा फाल्गुनातच संपत आला. एप्रिलमध्ये वडिलांनी जोडी बाजारात नेली. त्या दिवशी बाजारात बैल होते ढीगभर, घेणारे मोजके. जोडी निम्म्याहून कमी पैशांत गेली. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "दिवाळीतच इकाया पाहिजे होती." तेव्हा मला त्या बोलण्याचा राग आला होता. आज वाटतं, त्या एका वाक्यात सगळं पशुपालनशास्त्र होतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), सोलापूर या जिल्ह्यांत सरकारी अनुदानावर चारा छावण्या उभ्या राहिल्या. छावणी म्हणजे तरी काय? उलटं केलेलं रान. रानात जनावर गवताकडे जातं. छावणीत चारा जनावराकडे येतो. तिथं ऊस आणि वाढे येत ते कुठल्या तरी पाण्याच्या शिवारातून. म्हणजे आपणही मंचरच्या गाईसारखेच दुसऱ्याच्या रानावर जगलो.

पूर्वी गावाला स्वतःचं गायरान होतं. त्यातलं पुष्कळसं आज उरलं नाही. काही बळकावलं गेलं, काही इमारतींत गेलं. काही जमिनीवर भूमिहीनांनी पोटासाठी नांगर धरला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचा निर्णय शासनानं १९९१ साली घेतला. त्या माणसाच्या भाकरीकडे बोट दाखवून आपला चाऱ्याचा प्रश्न सुटणार नाही. जे गायरान उरलं आहे ते राखावं, आणि बाकीचा हिशेब घरी करावा.

तो हिशेब अवघड नाही. शिक्षकबंधूंनो, हा भाग तुमच्यासाठी. चारशे किलो वजनाच्या जनावराला रोज सुमारे दहा किलो सुका चारा लागतो. पाणी ऋतूप्रमाणं चाळीस-पन्नास लिटर, कधी त्याहूनही जास्त. एका घरी दोन बैल, एक गाय धरा. रोजचे तीस किलो झाले. त्या घरी पाडव्याला कडब्याच्या दोन हजार पेंढ्या शिल्लक आहेत. मुलांना पेंढी तोलायला लावा. सव्वा किलो भरली तर एकूण अडीच टन. तिसानं भागा : ८३ दिवस. म्हणजे चारा जूनच्या मध्यावर संपणार. मृग वेळेवर बरसला तरी तोंडाला लागेल असं गवत यायला आणखी महिना जातो. तो एक महिना त्या घरी नाही! हे पाडव्याला कळलं तर उपाय आहे, मृगात कळलं तर बाजार आहे.

उपायांतला एक आपल्या अंकुशनगरच्या उंबऱ्याशी आहे. हंगामात वाढे मुबलक असतात. कारखान्याचा पट्टा पडला की संपतात, आणि नेमका तेव्हाच उन्हाळा तापतो. तेव्हा हंगामातच वाढ्यांची कुट्टी करून, खड्ड्यात किंवा जाड पिशवीत दाबून, हवा कोंडून मुरघास घालावा. दोन गोष्टी मात्र विसरू नका. ओल्या वाढ्यात सत्तर टक्के पाणीच असतं. तीस किलो वाढे म्हणजे जेमतेम नऊ किलो सुका चारा. दुसरं, वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते जनावराच्या अंगातला चुना ओढून नेतं. म्हणून नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. कडबा मिसळावा आणि क्षारमिश्रण द्यावं.

मुलांनी सगळ्या गावाचा असा एक तक्ता केला तर कळेल की आपलं गावही एक रँचच आहे. मालक शंभर, कुंपण नाही, एवढाच फरक. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल १ कोटी ४० लाखांच्या आसपास भरले. कोणाचे दोन, कोणाचे चार. १९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे, तो मुख्यतः अशाच दोन-चार जनावरांच्या गोठ्यांमुळं.

त्या पोराला मी काय उत्तर दिलं ते सांगून थांबतो. ॲना क्रीकचं नाव सांगितलं, साडेतीनशे एकरांचा भागाकारही सांगितला. त्यानं थोडा विचार केला, आपल्या बैलांपुढचा ढीग हातानं जवळ सारला आणि म्हणालं, "मंग आमचं रान एवढंच. पर पट्टा पडंस्तोर लई मोठं हाय."

पट्टा पडल्यावर ते रान किती उरतं, तेवढं आपण आजच मोजून ठेवू या.