युद्धकाळातील स्वातंत्र्य : जबलपूरचा खटला

युद्ध सुरू झाले म्हणजे राजकीय वादविवादाची भाषा बदलते. एरवी ‘हा कायदा न्याय्य आहे काय?’ असे विचारले जाते; युद्धकाळात ‘या घडीला असा प्रश्न विचारणे योग्य आहे काय?’ असे विचारले जाऊ लागते. शासनाची बाजू मांडणारा म्हणतो की, हजारो निरपराध नागरिकांचे प्राण संकटात असताना एका माणसाच्या स्वातंत्र्याचा बाऊ करणे हा अविवेक होय. त्याचा प्रतिपक्षी म्हणतो की, स्वातंत्र्य गमावून राखलेल्या राष्ट्रात राखण्याजोगे फारसे काही उरत नाही. दोन्ही विधाने ऐकणाऱ्याच्या मनाला भिडतात. परंतु ज्या मुद्द्याचा निर्णय करावयाचा असतो, तो बहुधा बाजूलाच राहतो. तो मुद्दा असा : संकट खरे आहे हे मान्य केले, तरी अमुक एका माणसाला तुरुंगात ठेवणे त्या संकटाच्या निवारणासाठी आवश्यक होते किंवा नाही, हे तपासावयाचे कोणी?

या प्रश्नावरील भारतातील सर्वांत गाजलेला निवाडा जबलपूर शहराच्या नावाने ओळखला जातो. १९७६ च्या या निवाड्याचा अर्थ नीट ध्यानात येण्यासाठी त्याआधीच्या काही घटना पाहणे उपयुक्त ठरेल.

युद्धाविरुद्ध बोलण्याचा हक्क

जबलपूर हे लष्करी छावणीचे आणि शस्त्रनिर्मितीचे शहर आहे. तेथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालापासून चालू आहे. १९५६ साली मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालयही तेथेच आले. या शहरालगतच्या त्रिपुरी येथे मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा युरोपातील युद्धाचे सावट स्पष्ट दिसू लागले होते. त्या परिस्थितीत ब्रिटिश सरकारला मुदतीचा निर्वाणीचा खलिता द्यावा, असे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांचे मत होते. ते अधिवेशनाने स्वीकारले नाही. पुढे सहा महिन्यांतच युद्धाला तोंड फुटले आणि भारतीय प्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात सामील असल्याचे व्हाइसरॉयने जाहीर केले.

जबलपूर आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. वर्ध्याजवळील पवनार येथे ऑक्टोबर १९४० मध्ये विनोबा भावे यांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला आणि चार दिवसांत त्यांना अटक झाली. या सत्याग्रहाची मागणी मर्यादित होती : युद्धात साहाय्य करू नये, असे लोकांना सांगण्याचे स्वातंत्र्य असावे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांची भूमिका अशी होती की, ज्याला युद्ध अधर्म वाटते त्याने स्वतः त्यात भाग घेऊ नये. मात्र सैनिकांचे किंवा कारखान्यांतील कामगारांचे मन वळविण्याची मुभा त्याला देता येणार नाही.

या भूमिकेत काहीच तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. शत्रू दाराशी आलेला असताना दारूगोळ्याचे कारखाने बंद पडू देणे कोणत्याही शासनाला परवडत नाही. परंतु मत बाळगणे आणि ते दुसऱ्याला पटवून देणे यांत सीमारेषा आखली की, ती नेमकी कोठे ओलांडली गेली हे ठरविण्याचा अधिकारही कोणाकडे तरी जातो. तो केवळ अटक करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, तर सीमारेषा त्याच्या मर्जीप्रमाणे सरकत राहते.

अटक आणि तिची तपासणी

या अधिकाराचा प्रश्न त्याच काळात न्यायालयांपुढे आला. इंग्लंडमध्ये १९४१ साली लिव्हरसिज खटल्यात बहुसंख्य न्यायाधीशांनी असे मानले की, अटक करण्यास सयुक्तिक कारण आहे असे मंत्र्याला प्रामाणिकपणे वाटणे पुरेसे आहे. ते कारण न्यायालय तपासणार नाही. लॉर्ड ॲटकिन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. शस्त्रांचा खणखणाट चालू असला तरी कायदा मुका होत नाही. युद्धात आणि शांततेत तो एकच भाषा बोलतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

भारतात एप्रिल १९४३ मध्ये मुंबईचे केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने, म्हणजे त्या काळच्या संघ न्यायालयाने, भारत संरक्षण नियमांतील २६ वा नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला. कायद्याने केवळ सयुक्तिक संशय असलेल्यांना स्थानबद्ध करण्याची मुभा दिली होती. नियमाने मात्र सरकारचे समाधान एवढीच अट ठेवली होती. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांचा हा निर्णय महायुद्ध ऐन भरात असताना झाला. शासनाने थोड्याच दिवसांत वटहुकूम काढून ती उणीव पूर्वलक्षी प्रभावाने भरून काढली. म्हणजे तळपदे यांच्या बाजूने लागलेल्या निकालाचा व्यावहारिक लाभ अल्पजीवी ठरला. तथापि अधिकाराचा मूळ कायदा काय सांगतो हे युद्धातही पाहिले जाऊ शकते, ही गोष्ट त्याने दाखवून दिली.

नागरिकांचे मृत्यू आणि वृत्तपत्रांचे मौन

येथे एक आक्षेप संभवतो. न्यायालयीन तपासणी हा शांततेच्या काळातील विलास आहे आणि नागरिकांचे प्राण वाचवावयाचे तर शासनाचे हात मोकळे हवेत, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात जीवित एका पारड्यात आणि स्वातंत्र्य दुसऱ्यात, असे गृहीत धरलेले असते. त्या महायुद्धातील बंगालचा अनुभव या गृहीतकाला छेद देतो.

डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यावर जपानी बाँब पडले आणि माणसे मेली. परंतु बंगालमधील खरा संहार १९४३ च्या दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने केला. त्यातील मृत्यूंची संख्या सुमारे ३० लाख असावी, असा अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांचा अंदाज आहे. युद्धकालीन निर्बंधांमुळे उपासमारीच्या वार्तांना बराच काळ वाट मिळाली नाही. दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीरही झाला नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये ‘स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकाने कलकत्त्याच्या रस्त्यांवरील मरणासन्न माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा ही गोष्ट जगापुढे आली. लोक मरत आहेत हे सांगण्याचे स्वातंत्र्य आधी असते, तर मदतीची हालचाल आधी सुरू झाली असती. बोलण्याचा हक्क येथे प्राणरक्षणाचे साधन होता.

तुरुंगातील एक मराठी ग्रंथ

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी पुन्हा उभा राहिला. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी पुकारण्यात आली. लढाई नोव्हेंबरमध्ये थांबली. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. या काळात मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित होता. परंतु त्या आदेशात एक अट होती : भारत संरक्षण कायद्याखाली ज्यांचे हक्क काढून घेतले गेले असतील, त्यांच्यापुरतीच ही स्थगिती होती. त्यामुळे त्या कायद्यालाच सोडून केलेली कृती न्यायालयात नेता येत असे. मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६३ साली मक्खनसिंग खटल्यात स्पष्ट केले की, दुष्ट हेतूने केलेली किंवा कायद्याच्या अटी मोडून झालेली स्थानबद्धता न्यायालयाला तपासता येते.

या तत्त्वाचा एक विलक्षण प्रत्यय मुंबईच्या तुरुंगात आला. तेथे स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हा विज्ञानविषयक ग्रंथ मराठीत लिहिला. प्रकाशनासाठी तो बाहेर पाठविण्यास महाराष्ट्र शासनाने नकार दिला. उच्च न्यायालयाने ग्रंथाची अनुक्रमणिका पाहिली. त्यात निव्वळ शास्त्रीय विषय होते. देशाच्या संरक्षणाला त्यापासून कोणता धोका होता? शासनाचा युक्तिवाद असा की, स्थानबद्धाला नियमांनी दिलेल्या सवलतींपलीकडे कोणताही हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य करून शासनाचे अपील फेटाळले. नियमांनी घातलेले निर्बंध सोसणे स्थानबद्धावर बंधनकारक आहे. पण जे निर्बंध नियमांतच नाहीत, ते अधिकारी आपल्या मनाने लादू शकत नाहीत. या निकालाची तारीख होती ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली होती. सीमेवर तोफा धडधडत असताना एका कैद्याच्या हस्तलिखिताचा न्याय झाला आणि त्यामुळे युद्धप्रयत्नांत कसलाही अडथळा आला नाही.

जबलपूरचा खटला

१९७१ साली पूर्व बंगालमधील अत्याचारांमुळे सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. त्याच वर्षी अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे मिसा, संमत झाला आणि ३ डिसेंबरला बाह्य आक्रमणाच्या कारणास्तव आणीबाणी जाहीर झाली. युद्ध दोन आठवड्यांत संपले. ती आणीबाणी मात्र उठविली गेली नाही. ती अस्तित्वात असतानाच २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून दुसरी आणीबाणी आली आणि दोन दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांखालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्यास मनाई करण्यात आली. १९६२ च्या आदेशातील अट या आदेशात नव्हती.

जबलपूरचे शिवकांत शुक्ल यांना मिसाखाली अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने स्थानबद्ध करण्यात आले. त्यांनी उच्च न्यायालयाकडे हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे बंदी-प्रत्यक्षीकरणाचा, अर्ज केला. या अर्जाचे स्वरूप साधे असते : या माणसाला कोणत्या कायद्याने अडकवून ठेवले आहे ते दाखवा, एवढेच तो विचारतो. असा अर्ज मुळात करताच येत नाही, असा शासनाचा प्राथमिक आक्षेप होता. जबलपूरसह नऊ उच्च न्यायालयांनी तो मान्य केला नाही. शासनाची अपिले सर्वोच्च न्यायालयात एकत्र ऐकण्यात आली. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, वि. म. तारकुंडे, सोली सोराबजी आदींनी काम पाहिले.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश अजितनाथ राय यांच्यासह न्यायमूर्ती बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि भगवती या चौघांनी असे ठरविले की, आदेश कायद्याला सोडून आहे किंवा दुष्ट हेतूने काढला आहे असे म्हणणे असले, तरीही स्थानबद्धाला न्यायालयात येता येणार नाही. त्यांच्या तर्काचा पाया असा होता की, व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातच सामावलेला आहे. तो अनुच्छेद बजावता येत नसेल, तर मागण्यासारखे काही उरत नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने याच्या उलट मत दिले. सातबाऱ्यावर नोंद झाली म्हणून जमीन निर्माण होत नाही. आधीच असलेल्या जमिनीची ती नोंद असते. खन्ना यांचे म्हणणे काहीसे याच प्रकारचे होते. कायद्याच्या आधारावाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, हे तत्त्व घटनेहून जुने आहे. अनुच्छेद २१ नसता तरीही ते शासनाला बांधणारे राहिले असते.

जीवित आणि स्वातंत्र्य : एकच अनुच्छेद

सुनावणीतील एका प्रश्नोत्तराने या वादाचे मर्म उघड केले. अनुच्छेद २१ मध्ये जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य हे दोन्ही शब्द एकत्र आहेत, याकडे खन्ना यांनी लक्ष वेधले आणि विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय? ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी उत्तर दिले की, आपल्या युक्तिवादाशी सुसंगत राहावयाचे तर आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयात इलाज नाही. ही गोष्ट आपल्याही मनाला धक्का देणारी आहे. नागरिकांच्या प्राणांच्या रक्षणासाठी म्हणून जो युक्तिवाद सुरू होतो, तो शेवटी नागरिकाच्या प्राणालाच निराधार करतो, हे या उत्तरात शासनाच्याच वकिलाने मान्य केले.

हा प्रश्न काल्पनिक राहिला नाही. निकाल लागण्यापूर्वीच, मार्च १९७६ मध्ये, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले. आणीबाणी उठल्यावर त्याच्या वडिलांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. पुढे राजनचा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात झाल्याचे शासनाला मान्य करावे लागले. जबलपूर निकालाने जो अर्ज अशक्य ठरविला होता, त्याच अर्जामुळे हे सत्य बाहेर आले. तोवर एक वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

नंतरचे बदल

मार्च १९७७ मध्ये दोन्ही आणीबाण्या मागे घेण्यात आल्या. १९७१ च्या दोन आठवड्यांच्या युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी याप्रमाणे पाच वर्षांहून अधिक चालली. तत्पूर्वी जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठताक्रम डावलून बेग यांना सरन्यायाधीश नेमल्यामुळे खन्ना यांनी राजीनामा दिला होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ हे आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरविले, ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले आणि दर सहा महिन्यांनी संसदेची संमती आवश्यक केली. इंग्लंडमध्येही १९७९ साली ॲटकिन यांचे अल्पमतच बरोबर होते असे सर्वोच्च पातळीवर मान्य झाले. न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ मध्ये आपल्या निर्णयाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निर्णय रद्दबातल ठरविला. त्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे, म्हणजे १९७६ च्या बहुमतातील एका न्यायाधीशाच्या पुत्राचे, आहे.

असे असले तरी प्रश्न कायमचा मिटलेला नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेला घटनेत अनुच्छेद २२ नुसार स्थान आहे आणि १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा अमलात आहे. म्हणून युद्धाचा वा संकटाचा दाखला देऊन एखादा अधिकार मागितला जाईल, तेव्हा नागरिकाने संकट खरे की खोटे एवढ्यावरच वाद घालत बसू नये. पुष्कळदा ते खरेच असते. हा अधिकार केव्हा संपणार, तो कोणत्या शब्दांनी मर्यादित केला आहे आणि चुकीच्या माणसाला पकडले गेले तर त्याच्या नातलगांनी कोणाचे दार ठोठवावे, हे त्याने विचारले पाहिजे. १९६५ साली एका ग्रंथकाराला असे दार उघडे होते. १९७६ साली शिवकांत शुक्ल यांना ते बंद झाले. दोन्ही वेळी देशात आणीबाणी होती.