बॅटरीची परीक्षा

मुलांनो, जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत 2001 साली स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पण मोटार कितीही नवी असली, तरी बॅटरी उतरली की ती सुरू होत नाही.

बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. उर्दूत आपण त्याला तेजाब म्हणतो. बॅटरी उतरते तसे हे आम्ल पातळ होत जाते. म्हणून मेकॅनिक झाकण उघडतो आणि हायड्रोमीटरच्या काचनळीत थोडे आम्ल ओढतो. आकडा 1.26 च्या आसपास असला तर कप्पा भरलेला आहे. पाच कप्पे चांगले आणि एकच फार खाली असेल, तर तो कप्पा बहुधा निकामी झालेला असतो.

व्होल्टमीटर 12.6 दाखवतो, एवढ्यावर मात्र भुलू नका. थकलेली बॅटरीही स्वस्थ बसलेली असताना तेवढे दाखवू शकते! खरी परीक्षा स्टार्टर फिरताना होते. भरलेल्या बॅटरीचा आकडा तेव्हा 9.6 च्या खाली घसरला, तर तिच्यात दम उरलेला नाही. बंद बॅटरीला झाकणे नसतात; तिला हीच परीक्षा द्यावी लागते.

अंधारात आम्लाची पातळी पाहण्यासाठी काडी कधीही पेटवू नका. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगी पडताच त्याचा स्फोट होतो. डोळ्यात आम्ल उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.